सालवोरची टाच

सालवोरच्या टाचेवर लावायचं औषध मी लोणी लावून खाल्लं, ही गोष्ट आता आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दरवेळी कोणीतरी ती नव्याने, तिखटमीठ लावून सांगतं. तिखटमीठ मुळात नव्हतं, हीच तर माझी तक्रार होती.

झालं ते असं. आमच्या हाल्लाविकमध्ये पोहण्याचा तलाव आहे, त्याच्या कडेला गरम पाण्याचा हौद आहे, आणि दोहोंची किल्ली गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तलावात पोरं पोहतात, हौदात थोरं बसतात. गावाचा कारभार हौदात, गळ्यापर्यंत बुडून चालतो. त्या दिवशी एप्रिलातला मंगळवार होता. घाटात बर्फ कोसळलेलं, त्यामुळे दर मंगळवारी शहरातून येणारी नर्स स्वाला तिकडेच अडकलेली. बर्फ ढकलणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर तेवढा कसाबसा पोचला. माझ्या टेबलावर एक पाकीट टाकून, "हे तुझ्याकडे ठेव म्हणे," एवढं बोलून, इंजिन सुरू आहे म्हणून पळाला.

मी पाकीट फोडलं. 'ठेव' म्हटलेली वस्तू फोडू नये हे मला कळतं. पण सालवोर दर पंधरा दिवसांनी कोणा ना कोणाच्या हाती मला वाळवलेला मासा पाठवते, आणि मला भूक लागली होती. चष्मा वाफेने आंधळा झाला होता. पाकिटावर बारीक अक्षरांत पुष्कळ काही छापलेलं दिसत होतं, पण हल्ली पाहुण्यांना विकायच्या सुक्या मासळीलाही असलेच पोशाख चढवतात. आत आणखी एक पाकीट, आणि त्याच्या आत तळहाताएवढा, पांढुरका, कडक, खवल्यांच्या खुणा असलेला तुकडा. मी तो घेऊन हौदात उतरलो. लोण्याचा डबा तिथे कायमचा असतो.

हौदात कार्वेल बसला होता. कार्वेल हा आमचा निवृत्त कप्तान. वय ब्याऐंशी, बोट विकून पंधरा वर्षं झाली तरी हौदातही बसतो तो वाऱ्याकडे तोंड करूनच. मी अर्धा तुकडा त्याला दिला.

"कोणी वाळवलाय रे हा?" तो चावत म्हणाला.

"सालवोरने. दुसरं कोण?"

"मीठ नाही. वास नाही. बुटाचा तळ चावल्यासारखं लागतंय." त्याने वर आणखी लोणी थापलं. "वय झालं बाईचं. हातची चव गेली."

"पाय दुखतोय ना तिचा. लक्ष लागत नसेल."

"खरंय. बिचारी."

अशा रीतीने सालवोरच्या पायाबद्दल हळहळत आम्ही दोघांनी सालवोरच्या पायाचं औषध संपवलं.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि स्वाला आली. गावात दवाखाना नाही. तलावावरची प्रथमोपचाराची खोली हाच दवाखाना, आणि त्या खोलीत खुर्च्या हलवण्यापासून कात्री शोधून देण्यापर्यंतचा सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे मी. सालवोर बाकावर मोजा काढून तयार बसली होती.

"एब्बी, पाकीट?" स्वालाने हात पुढे केला.

"कुठलं पाकीट?"

"माशाच्या कातडीचं. तिच्या टाचेसाठी पाठवलेलं."

मी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. स्वालानेही पाहिलं. तिने वरचं पाकीट उचललं, आतलं पाकीट उचललं, उलटं करून झटकलं.

"तुकडा कुठाय?"

मी पोटावर हात ठेवला. मग खरं ते सांगावं म्हणून म्हणालो, "अर्धा इथे. अर्धा कार्वेलमध्ये."

स्वाला मटकन खुर्चीत बसली. सालवोरने मात्र माझ्याकडे पाहिलं. सालवोरचे डोळे निळे आहेत, पण ते निळेपण चाकूच्या पात्याचं.

"लोणी लावलंस?" तिने विचारलं.

"लावलं."

"तरीच गिळलं गेलं, राजा."

रागावल्यावर सालवोर सगळ्यांना राजा म्हणते. त्या दिवशी ती मला अकरा वेळा राजा म्हणाली.

*

आता सालवोर कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका टाचेवरून एवढा गोंधळ कशाला, असं वाटेल.

सालवोर शहात्तर वर्षांची. तिने एक्केचाळीस वर्षं आमच्या मासळीच्या कारखान्यात एकच काम केलं: माशाची कातडी सोलणं. नंतर यंत्रं आली, तरी मुकादम तिला टेबलावरून उठवेना, कारण यंत्राने सोललेल्या माशावर ओरखडे असायचे आणि सालवोरने सोललेल्या माशाला स्वतःला कातडी गेल्याचं कळायचं नाही. सोललेली सालं ती डाव्या हाताने घसरगुंडीत ढकलायची. सालं खाली जाऊन पिंपात पडायची, पिंप केसाळ कातडीसाठी पाळलेल्या मिंकांच्या फार्मवर जायचं. "एक्केचाळीस वर्षं मी उंदरांसारख्या दिसणाऱ्या जनावरांना जेवू घातलं," असं ती म्हणते.

घरामागे तिची वाळवणाची खोप आहे. फळ्याफळ्यांमधून वारा वाहतो आणि आत दगडचावे टांगलेले असतात. दगडचावा म्हणजे ज्याच्या जबड्यात शिंपले फोडायचे दात असतात तो कुरूप मासा. कॉड हा सालवोरच्या मते मासाच नव्हे, तो बाहेरगावी पाठवायचा माल. मासा म्हणजे दगडचावा.

त्याच दगडचाव्याने तिचा घात केला. जानेवारीत कधीतरी एक तुटका दात तिच्या बुटात पडला. तिला साखरेचा आजार, तळपायाला जाणीव कमी. दिवसभर ती त्या दातावर उभी राहून कामं करत होती. संध्याकाळी बूट काढला तेव्हा दात टाचेत रुतून बसला होता. "मेल्यावरसुद्धा चावला," ती कौतुकाने म्हणाली. दात निघाला, जखम राहिली. फेब्रुवारी गेला, मार्च आला, जखम होती तिथेच, उलट खोल होत चाललेली. मग शहरातल्या डॉक्टरने तिला समोर बसवून सांगितलं, की ही हाडापर्यंत गेली तर पाय ठेवता येईल असं सांगवत नाही.

"कधीपर्यंत बरी होईल तेवढं सांग," सालवोर म्हणाली. "मला चौदा ऑगस्टला चालायचंय."

कारण चौदा ऑगस्टला ओद्नीचा ऐंशीवा वाढदिवस होता.

ओद्नी ही सालवोरची थोरली बहीण, डोंगरमाळाच्या पलीकडच्या खाडीत राहते. गाडीने जायचं तर तीन खाड्यांना वळसा घालून दोन तास लागतात. सरळ माळावरून पायी गेलं तर एक दिवस. आमच्या या भागात माळांची लांबी मैलांत सांगायची रीत नव्हती. जुन्या काळी माणसं माशाच्या कातडीचे जोडे घालून चालायची, आणि तो माळ ओलांडताना जितके जोड फाटतील तितक्या जोडांचा तो माळ. दोघींचे वडील याच माळावरून टपाल नेत. आई दगडचाव्याच्या कातडीचे जोडे शिवून त्यांच्या पिशवीत भरून द्यायची. किती जोड? सालवोर म्हणते सात. ओद्नी म्हणते आठ.

नऊ वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नात, केक कापायच्या आधी, हा विषय निघाला. केक कापला गेला तेव्हा दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यानंतर नऊ वर्षं नाहीच बोलल्या. दोन्ही गावांत दर मंगळवार-बुधवार जाणारी स्वाला हीच त्यांची टपालवाली. तिच्याकरवी जानेवारीत ओद्नीचा निरोप आला होता: वाढदिवसाला यायचं तर माळावरून चालत ये, आणि जोड मोजत ये, आठ आण, लागतील. सालवोरने उलट निरोप धाडला होता: सात आणते, कॉफी तयार ठेव.

आणि पुढच्याच आठवड्यात तो दात बुटात पडला.

*

माशाची पहिली कातडी स्वालाने मार्चच्या शेवटी आणली होती. सालवोरने ती लावू देण्याआधी दिव्यासमोर धरली, वास घेतला, बोटाने ताणली.

"कॉड," ती म्हणाली. "शेपटीकडचा भाग. कोणी सोललाय? हात चांगला आहे."

"यंत्राने सोललाय."

"मग यंत्र चांगलं आहे." मग तिने तो तुकडा स्वतःच्या मांजरासमोर धरला. ब्रांदुर म्हणजे नुसतं मांजर नव्हे. कारखान्याच्या दाराशी वाढलेला तो जाणकार. त्याने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवून झोपी गेला.

"बघ!" सालवोर गरजली. "ज्याला मांजर मासा म्हणत नाही त्याला माझ्या पायाचं काय कळणार?"

स्वाला गरीब स्वभावाची आहे, पण टाचांच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नाही. तिने कातडी भिजवली, जखमेच्या मापाने कापली, बसवली, वर पट्टी बांधली. "आठवड्यात कळेल," म्हणाली. आठवड्यात जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. दुसऱ्या आठवड्याचा तुकडा मी खाल्ला.

शहरातला साठा संपला होता. नवा तुकडा यायला दोन आठवडे लागणार होते. गावाने माझं जगणं मुश्कील केलं. दुकानात लोणी मागितलं तर दुकानदारीण विचारायची, "औषधाबरोबर घ्यायचंय का?" कार्वेल मात्र निवांत होता. हौदात बसून सगळ्यांना सांगायचा, की त्याची छातीतली जुनी जळजळ थांबली आहे आणि बहुधा आतून नवी कातडी धरते आहे.

सालवोर दोन आठवडे थांबणाऱ्यातली नव्हती. पुढच्या मंगळवारी स्वालाने पट्टी सोडली आणि तिच्या हातातली कात्री खाली पडली. आत दगडचाव्याची कातडी होती. खोपीतून काढलेली, भिजवलेली, टाचेच्या मापाने सुरेख कापलेली, आणि चारी बाजूंनी नीट बसवलेली. वास मात्र असा, की खिडकीबाहेर ब्रांदुर उभा राहून काचेवर पंजे मारत होता.

"तू स्वतः लावलीस?" स्वाला किंचाळली.

"मग काय एब्बीला सांगू? तो खाईल."

"अगं, खोपीतली कातडी! माशा बसलेली, पक्षी बसलेले!"

"चाळीस वर्षं खातोय आम्ही. कोणी मेलं नाही."

"तू ती तोंडाने खातेस गं! टाचेने नाही!"

स्वालाने जखम धुतली, धुता धुता बोलत राहिली, आणि मी बेसिनशी पाणी घेऊन उभा राहून ऐकत राहिलो. ती म्हणाली, की शहरातून येते त्या कातडीतून मासा काढून टाकलेला असतो. खवले गेलेले, माशाच्या पेशी गेलेल्या, जंतू मारलेले. उरते ती नुसती जाळी, प्रोटीनची. त्यातल्या मुख्य प्रोटीनला कोलॅजन म्हणतात. आपल्या कातडीतही तेच असतं, म्हणून आपलं शरीर फारशी कुरकुर करत नाही. जखमेच्या कडेच्या पेशी त्या जाळीत शिरतात, तिथे वाढतात, नव्या रक्तवाहिन्या येतात.

सालवोर भुवया आवळून ऐकत होती. "म्हणजे जुना भाडेकरू घर सोडून गेलाय, आणि माझ्या पेशी तिथे बिऱ्हाड मांडणार."

"अगदी तसंच."

"आणि मी आणलेल्या घरात?"

"जुना भाडेकरू आहे, त्याचे पाहुणे आहेत, आणि पाहुण्यांची पोरंबाळं आहेत."

"हं." ती टाचेकडे वाकली. "आणि बिऱ्हाड लागलं की त्या घराचं काय होतं?"

"हळूहळू विरघळून जातं. उरते ती तुझीच कातडी."

"नक्की भरेल?"

स्वालाने हात थांबवले. "नक्की असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांची भरते. तुझी भरेल असं मला वाटतं."

सालवोरने खिडकीतून वर, माळाच्या दिशेने पाहिलं. माळ अजून पांढराशुभ्र होता. मग ती माझ्याकडे वळली. "तू. संध्याकाळी खोपीत ये. कातडी वाया घालवलीस ना? आता शिव."

*

ही माझी शिक्षा. सात जोड, म्हणजे चौदा जोडे, आणि शिवायचे दगडचाव्याच्या कातडीतून. मापं सालवोर काढायची, कापायची सालवोर, टाके घालायचा मी. ती पाय पुढच्या पिंपावर ठेवून बसायची आणि काठीने माझ्या हाताकडे बोट दाखवायची.

"हा टाका आहे?"

"हो."

"मला वाटलं सुई झोपली."

पंधरा दिवसांत माझ्या हातांना असा वास येऊ लागला की मी हौदात उतरलो की हौद रिकामा व्हायचा. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला हौद एकट्याला मिळाला. स्वालाने आठवा जोडही शिवायला लावला. "पिशवीत असू दे," ती म्हणाली, "नाहीतर मी चालू देणार नाही." सालवोरने त्या जोडाकडे पाहिलंही नाही. तो कापला मी, शिवला मी. दिसायलाही तो तसाच होता.

टाके घालता घालता बरंच ऐकायला मिळालं. वडील टपाल घेऊन निघाले की दोघी बहिणी कुंपणापाशी उभ्या राहून ते दिसेनासे होईपर्यंत हात हलवायच्या. ते परत आले की रिकामी पिशवी झटकायचं काम दोघींचं. "पिशवीत कधी एक जोड उरलेला असायचा," सालवोर एकदा म्हणाली, आणि मग पटकन, "म्हणजे आई आठ द्यायची, लागायचे सात. ओद्नीला पिशवी आठवते, मला रस्ता."

"तू कधी गेलीस रस्त्याने?"

"नाही. मुलींना नेत नसत." तिने काठीने माझा टाका उसवला. "परत घाल."

मेमध्ये नवे तुकडे आले. ते पाकीट स्वालाने माझ्या हाती दिलं नाही. मी जवळून गेलो तरी ते छातीशी धरायची. दर मंगळवारी पट्टी सुटायची, स्वाला मोजपट्टी लावायची, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचो. तीन सेंटिमीटर. अडीच. अडीच. त्या दुसऱ्या अडीचला सालवोर आठवडाभर कोणाशी बोलली नाही, ब्रांदुरशीसुद्धा नाही. मग दोन. जूनमध्ये एक. ज्या दिवशी आकड्याच्या जागी काही लिहायचंच नव्हतं त्या दिवशी मी चुकून शून्याऐवजी जरा मोठंच वर्तुळ काढलं आणि त्याला दोन डोळे आणि तोंड काढलं. टाचेवर नाण्याएवढी गोल, फिकट, चकचकीत कातडी आली होती.

"कॉडची आहे, पण वाईट नाही," सालवोर म्हणाली. तिच्या तोंडून कॉडची एवढी स्तुती गावाने ऐकलेली नव्हती.

स्वालाने अटी घातल्या: आत जाड लोकरी मोजे, जोड्यात विणलेला मऊ तळ, मध्ये माळावरच्या आडोशाच्या झोपडीशी टाच तपासणार, आणि बरोबर एब्बी. शेवटची अट मला कोणी विचारून घातली नव्हती. दोन्ही बहिणींनी स्वालाकरवी नियमही ठरवला: मोजा बाहेर डोकावला की तो जोड संपला.

*

चौदा ऑगस्टला सकाळी सहाला आम्ही निघालो. माझ्या पाठीवर जोडांची पिशवी, सालवोरच्या हातात काठी. कुंपणाशी पोचल्यावर ती एकदा मागे वळली आणि कोणी नसताना हात हलवला. मी दुसरीकडे पाहिलं.

पहिला जोड दगडांच्या चढावर गेला. दुसरा ओढ्याच्या पात्रात. ओली कातडी दगडावर लोण्यासारखी विरते. हे वाक्य मी बोललो आणि सालवोरने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे तासभर लोण्याचं नाव काढलं नाही. तिसरा, चौथा. झोपडीपर्यंत एक कच्ची वाट येते; तिथे स्वाला गाडी घेऊन उभी होती. तिने टाच पाहिली, पुन्हा पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली. "कोरडी आहे. जा." पाचवा जोड शेवाळावर बराच टिकला. सालवोर खुशीत आली आणि गाणं म्हणू लागली. ते गाणं तिला अर्धंच येत होतं, म्हणून तिने ते दोनदा म्हटलं. सहावा उतारावर फाटला. सातवा चढवला तेव्हा खाली ओद्नीचं लाल छप्पर दिसत होतं आणि धुराड्यातून धूर येत होता.

"सात," सालवोर म्हणाली. "मोज, राजा."

ओद्नीच्या फाटकाशी आम्ही पोचलो. फाटकापासून दारापर्यंत कापलेल्या गवताचं कुरण, फार तर शंभर पावलं. सालवोरने उजवा पाय फाटकाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि फर्रकन आवाज झाला. शिवण उघडली. राखाडी मोजा बाहेर आला आणि त्याने आमच्याकडे पाहिलं.

टाका माझा होता. तो मी ओळखला. तो झोपलेल्या सुईचा टाका होता.

दारात ओद्नी उभी होती, काठीवर दोन्ही हात टेकून. शेजारी स्वाला, आणि पॅनकेकच्या वासाने गाडीतून आलेला कार्वेल. मी पिशवीतून आठवा जोड काढला आणि पुढे धरला. सालवोरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गवतात बसली. डावा जोडा काढला. उजवा काढला. मग दोन्ही मोजेही काढले.

"अगं, मोजे तरी राहू दे!" स्वाला दारातून ओरडली.

"ओद्नी मोज्यालाही जोड धरेल!" सालवोर ओरडली आणि उठून चालू लागली.

शंभर पावलं ती अनवाणी गेली. स्वालाने चेहरा हातांनी झाकला होता, पण बोटांच्या फटीतून टाचेकडे बघत होती. मी मागून तेच करत होतो. ती फिकट, गोल कातडी हिरव्या गवतातून वर यायची, खाली जायची, वर यायची. फाटली नाही. सालवोर पायरीशी थांबली. नऊ वर्षांनी दोघी समोरासमोर होत्या.

"अनवाणी आलीस," ओद्नी म्हणाली.

"सात जोडांत आले."

"केस पांढरे केलेस."

"तू आधी केलेस."

ओद्नीने दार पूर्ण उघडलं. "आत ये. पाय धू. गवत घेऊन गालिच्यावर येऊ नकोस."

आत टेबलावर एवढं काही मांडलं होतं की टेबल कुठे आहे ते दिसत नव्हतं. ओद्नीने स्वतः कोमट पाण्याचं घमेलं आणलं, वाकायला जमत नव्हतं म्हणून स्टुलावर बसली, आणि धाकट्या बहिणीचा पाय मांडीवर घेतला. धुतला. पुसला. मग चष्मा लावून टाच उजेडाकडे वळवली.

"हे गोल पांढरं काय?"

"तिथेच जखम होती," स्वाला अभिमानाने म्हणाली. "माशाच्या कातडीने भरली."

ओद्नीने चष्म्यावरून वर पाहिलं. "कशाने?"

"माशाच्या कातडीने. कॉडच्या."

ओद्नीच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू उगवलं. तसं हसू मी फक्त पत्त्यांत जिंकणाऱ्याच्या तोंडावर पाहिलंय.

"म्हणजे," ती एकेक शब्द ठेवत म्हणाली, "बाईच्या टाचेखाली माशाची कातडी आहे. आणि फाटकापासून इथपर्यंत ती त्या कातडीवर चालत आली." तिने पाय अलगद खाली ठेवला. "आठवा जोड."

"एकाच पायाला आहे ती!" सालवोर उसळली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की एका पायाचा तरी हिशेब तिने मान्य केला. ओद्नीच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

"बरं. अर्धा जोड."

"साडेसात!" कार्वेलने पॅनकेकच्या ताटलीवर मूठ आपटली. "साडेसात जोडांचा माळ!"

"तू गप्प बस!" दोघी बहिणी एका सुरात ओरडल्या. नऊ वर्षांत एकत्र काढलेले ते त्यांचे पहिले शब्द.

मग जे भांडण लागलं ते तीन तास चाललं. वडिलांची पिशवी निघाली, आईची सुई निघाली, भाच्याच्या लग्नातला केक निघाला, कॉडची आणि दगडचाव्याची तुलना झाली. मध्येच ओद्नी म्हणायची, "घे ना आणखी, वाळलीस किती," आणि सालवोर तोंड भरलेलं असताना "सात" म्हणायची. स्वालाने टाच आणखी दोनदा तपासली; एक ओरखडा नव्हता. संध्याकाळी निघायची वेळ आली तेव्हा कळलं, की सालवोर येत नाहीये. ती आठवडाभर राहणार होती. मुद्दा अजून संपला नव्हता.

ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. पायात ओद्नीच्या लोकरी सपाता होत्या, एक नंबर मोठ्या. न वापरलेला आठवा जोड मी तिच्या हाती दिला; तिने तो गाडीच्या चाकापाशी आलेल्या ओद्नीच्या कुत्र्याला दिला.

मला उद्या हौदात उतरायचं होतं. सगळं गाव विचारणार होतं. मी काच खाली केली.

"सालवोर, खरं सांग. सात की साडेसात?"

"सात. टाचेला आता माझीच कातडी आहे. मासा तू पोटाने पचवलास, मी टाचेने."